सरांचा पहिला विचार

आमच्या सरांच्या खोलीतून पेशंट बाहेर आला की त्याचं तोंड पाहून आम्ही ओळखायचो, आत काय झालं असेल ते. काही जण हसत बाहेर येत, काही लाल होऊन. एकदा स्टील प्लांटमधला एक फिटर बाहेर आला आणि बाकावर बसून बराच वेळ दाराकडे पाहत राहिला. मी विचारलं, "क्या हुआ भैया?" तर म्हणाला, "सिस्टर, ये डाक्टर साहब बीमारी के पहले मन की बात बोलते हैं क्या सबको?"

मी म्हटलं, सबको. मालक असो की मजूर, सगळ्यांना.

आत झालं होतं ते असं. फिटर दारातून आत आला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, स्टीलच्या पेल्यातून पाण्याचा एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले आणि अगदी गोड आवाजात त्याला सांगितलं, "आपको देखके मेरे मन में पहले ये आया कि आप छुट्टी के वास्ते आए हो. सही है क्या?" फिटर आधी गांगरला. मग खरं बोलून मोकळा झाला. "साहब, छुट्टी तो चाहिए. पर बुखार भी है, हाथ लगाके देख लो." सरांनी हात लावला. ताप होता, चांगला चढलेला होता. मलेरिया निघाला.

सर मूळचे आर्वीकडचे. भिलाईत आले ते तरुणपणी, आणि मग अख्खी नोकरी आमच्याच दवाखान्यात झाली. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सरांचंही नाही. ते आता निवृत्त होऊन गावाकडे गेले आहेत, आणि आपल्याबद्दल कुणी काही लिहिलेलं कळलं तर फोन करून "तुले काही काम नाई का वो?" असं नक्की विचारतील. मी त्यांच्या हाताखाली मेडिसिन वॉर्डाला होते. माझे वडील रेल्वेत, आम्ही राहायचो भिलाई-३ ला, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. सरांशी मराठी बोलायला मिळायचं म्हणून असेल, मला त्यांची भीती कधी वाटली नाही. इतर नर्सेस मात्र त्यांच्या राउंडला टरकून असत.

हे पाण्याचे घोट आणि मनातल्या विचारांचं प्रकरण काही त्यांच्या जन्मापासूनचं नव्हतं. ते आलं रायपूरहून.

झालं असं की दवाखान्याला कुठलंसं मानांकन हवं होतं आणि त्यासाठी एक नवं प्रशिक्षण सक्तीचं झालं. विषय मोठा भारदस्त. आपण डॉक्टर-नर्स लोक पेशंटला पाहिल्याबरोबर मनात काहीतरी ठरवून टाकतो, त्याचे कपडे, भाषा, जात, वजन, वय पाहून. आपल्यालाच ते कळत नाही, आणि मग तपासणी त्या ठरवलेल्याच्या मागे जाते. म्हणून आधी स्वतःच्या श्वासाकडे, मनाकडे लक्ष द्यायला शिकायचं. माइंडफुलनेस. प्रत्येक विभागाने एक माणूस रायपूरला पाठवायचा होता. आमच्या विभागाची बैठक झाली त्या दिवशी सर दाढ काढायला गेले होते, म्हणून सर्वानुमते त्यांचं नाव गेलं.

जाताना त्यांनी इतकी कुरकुर केली की विचारू नका. "डोळे मिटून बसाचे पैसे सरकार देते, अन् डोळे उघडे ठेवून काम केलं तर कोणी विचारत नाई," असं ते ड्रायव्हरलाही ऐकवत गेले. आणि परत आले ते एकदम गप्प. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "सिस्टरबाई, माझ्या डोक्यात एक आगाऊ कारकून बसला आहे. पेशंट खुर्चीवर बसाच्या आधी शिक्का मारून मोकळा होते. अन् मी इतकी वर्षं त्यालेच अनुभव म्हणून राहिलो होतो."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

मग सुरू झाला दर मंगळवारचा वर्ग. आया त्याला 'डाक्टर साहब का चुप्पी क्लास' म्हणायच्या. रायपूरला शिकवणाऱ्या बाईंनी वाजवायला पितळेचा एक वाडगा दिला होता, तो सरांना अजिबात आवडला नाही. देवळात बसल्यासारखं वाटतं म्हणाले. त्याऐवजी ते आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण चमच्याने वाजवायचे. आवाज पूर्ण विरेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं आणि मनात काय येतं ते नुसतं पाहायचं. पहिल्याच मंगळवारी झाकण वाजलं, आम्ही डोळे मिटले, आणि बरोबर तेव्हाच प्लांटचा भोंगा झाला. अख्ख्या वर्गाने डोळे उघडून घड्याळं पाहिली. भिलाईच्या माणसाला भोंगा ऐकून घड्याळ पाहू नको म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं आहे. सर रागावले नाहीत. उलट खूश झाले. "पाहा! कोणी सांगितलं होतं का घड्याळ पाहाले? हात आपोआप वर गेला. पेशंट पाहून मनाचा हातही असाच वर जाते. मले फक्त एवढंच पाह्यचं आहे, की तो गेला."

एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होता, हुशार पण फटकळ. त्याने विचारलं, "म्हणजे सर, मनात वाईट विचारच येऊ द्यायचे नाहीत का?"

"येऊ दे ना बाप्पा. विचार वाईट नसते. तो फुकटात येते, म्हणून सस्ता असते. तपासल्याबिगर त्याच्या हाती पेशंट द्याचा नाई, एवढंच आहे."

वर्गात सांगितलं आणि विसरले, असे सर नव्हते. त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली आणि तीही आपल्या आडदांड पद्धतीने. रायपूरला शिकवलं होतं की विचार मनातल्या मनात ओळखा. सरांचं म्हणणं, मनातल्या मनात ओळखलेला विचार मनातल्या मनात पळूनही जातो. म्हणून तो पेशंटलाच मोठ्याने सांगून टाकायचा. ओपीडीची रांग दारापासून औषधाच्या खिडकीपर्यंत जायला लागली.

अहिवाऱ्याकडची एक म्हातारी यायची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेला गोदना, कानात जड खिनवा. ब्लडप्रेशर काही केल्या खाली येत नव्हतं. सरांनी एक दिवस पाण्याचा घोट घेतला आणि तिला सांगून टाकलं, "दाई, मेरे को लगता है तुम गोली खाती ही नहीं." तिच्याबरोबरची सून कानकोंडी झाली. म्हातारी मात्र बोळकं पसरून हसली. "नइ खावंव साहेब. खाथों त मूड घूमथे, गिर जाथों." गोळी घेतली की डोकं फिरायचं आणि ती पडायची. सर माझ्याकडे वळले. "घ्या. विचार खरा निघाला, पण मी कारण चुकीचं धरून बसलो होतो. मले वाटलं, अडाणी आहे म्हणून खात नाई. ती शहाणी आहे म्हणून खाऊन नाई राहिली." त्यांनी गोळी बदलून दिली. पुढच्या खेपेला म्हातारीने त्यांच्यासाठी वाळवलेली लाखडीची भाजी आणली, आणि सरांनी ती घरी नेऊन खरंच खाल्ली.

पण सगळे पेशंट त्या म्हातारीसारखे नसतात. एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, पाठ दुखते म्हणून. सरांनी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की तुम्हाला पाहून पहिल्यांदा वाटलं, हे दुखणं मनाचं असावं. बाई ताडकन उठल्या त्या थेट सुपरिंटेंडेंटच्या खोलीत. सरांना बोलावणं आलं. मी फाईल घेऊन मागे होते, त्यामुळे पुढचं स्वतः ऐकलं. सुपरिंटेंडेंट म्हणाले, "डॉक्टर साहब, ये क्या सुन रहा हूं?" सरांनी इकडे तिकडे पाहिलं. पेला खोलीतच राहिला होता. तसेच, पाण्याच्या घोटाशिवाय त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सर, आपने बुलाया तो मेरे मन में पहले ये आया कि साहब को आज कोई काम नहीं है."

त्या दिवशी सरांची नोकरी कशी वाचली, हे मला अजून कळलेलं नाही. एवढं खरं की लेखी हुकूम निघाला: पहिला विचार पेशंटपुढे उच्चारायचा नाही.

हुकूम तो हुकूम. सरांनी तो पाळला, पण वळणाने. आता ते विचार पेशंटऐवजी आम्हाला सांगू लागले. राउंडला प्रत्येक खोलीच्या, प्रत्येक पलंगाच्या अलीकडे थांबायचं, आणि आमच्यापैकी कुणीही, नर्स असो, आया असो, विचारायचं, "सर, पहिला?" मग त्यांनी खरं सांगायचं. खोटं बोलायचं नाही आणि टाळायचंही नाही. तेही आम्हाला विचारू शकत होते, आणि विचारत. यात माझी किती वेळा फजिती झाली ते मी सांगणार नाही. हळूहळू वॉर्डाला त्याची सवय लागली. झाडूवाली मावशीसुद्धा पोछा थांबवून विचारायची, "साहब, पहिला?" आणि सर तिला एखाद्या कलेक्टरला द्यावं तसं उत्तर द्यायचे.

आता अध्यक्षांचं सांगते. त्यांच्या बायकोला, काकूंना, विचारून सांगते आहे. त्या "लिही, आता काय लपवाचं" म्हणाल्या म्हणूनच.

अध्यक्ष म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. प्लांटमधून मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, सेक्टर १० मध्ये राहायचे. गणेशोत्सव, हळदीकुंकू, मुलांच्या स्पर्धा, कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाच्या मयताची गाडी, सगळीकडे तेच. त्यांना नावाने हाक मारणारा माणूस मी पाहिला नाही. बायकोसुद्धा चारचौघांत 'अध्यक्ष' म्हणायची. दर वर्षी गणपतीत व्यसनमुक्तीवर भाषण करायचे आणि त्यात आमच्यासारख्या पोरींना झोप यायची. सरांचे ते जिवलग मित्र. दर रविवारी सर त्यांच्याकडे कॅरम खेळायला जात, हरत, आणि सोमवारी आमच्यावर राग काढत.

एका मार्चमध्ये अध्यक्ष बाथरूममध्ये पडले आणि मांडीचं हाड मोडलं. आमच्याच दवाखान्यात आणलं. ऑपरेशन चांगलं झालं. खोलीबाहेर मंडळाची जत्रा. कुणी थर्मास आणतंय, कुणी मऊ भात, कुणी नुसतं आपण आलो होतो हे दिसावं म्हणून उभं. त्याच आठवड्यात बाजूच्या वॉर्डात एक ठेकेदारी मजूर तसंच हाड मोडून आला होता. गळ्यात कंठी, कबीरपंथी माणूस, कांदासुद्धा न खाणारा. त्याला आल्या आल्या रेसिडेंटने विचारलं, दारू पीते हो? मग हाडाच्या डॉक्टरने विचारलं, भूल देणाऱ्याने विचारलं, शेवटी एका आयानेही विचारून घेतलं. तो बिचारा प्रत्येकाला कंठी दाखवत होता. अध्यक्षांना हे कुणी विचारलं नाही. कोण विचारणार? आपल्या गणपतीच्या अध्यक्षांना?

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचं बिनसलं. अंगाला दरदरून घाम, हात थरथर कापायला लागले. चादर झटकायला लागले, म्हणे मुंग्या आहेत. सलाईनची नळी ओढून काढली. मग सभा सुरू केली. "मंडप काहून नाई बांधला अजून? मूर्ती उभी आहे तिथं उन्हात!" मार्च महिन्यात कसला मंडप अन् कसली मूर्ती. काकू पायाशी उभ्या राहून "अहो, निजा ना जी, निजा" एवढंच म्हणत होत्या.

सरांना बोलावलं. ते धावतच आले. मित्राला पाहून त्यांचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो. त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. साखर पाहिली, सोडियम पाहिलं, डोक्याचा फोटो काढून आणला, छाती तपासली, जंतुसंसर्ग असेल म्हणून अँटिबायोटिक वाढवलं. सगळे रिपोर्ट ठीक. आणि अध्यक्ष मात्र तासातासाला बिघडत चालले. दुपारी ताप चढला, नाडी पळायला लागली. हाडाचे डॉक्टर म्हणाले, आपल्याकडून होणार नाही, रायपूरला हलवू. अँब्युलन्स दारात लागली. असल्या अवस्थेत रस्त्यात काहीही होऊ शकतं, हे आम्हाला कळत होतं. सरांनाही कळत होतं, पण त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

आम्ही दोघं खोलीच्या दाराशी उभे होतो. सरांच्या हातात कागद होते आणि ते कागद त्यांना वाचता येत नव्हते, असं मला वाटलं. मी बोलले ते काही फार विचार करून नाही. जिभेला वळणच पडलेलं होतं.

"सर, पहिला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवी दिली होती. "काय वो? ही वेळ आहे का?"

"तुम्हीच म्हणता ना सर, टाळायचं नाही म्हणून. तीन दिवस झाले, या खोलीपुढे तुम्ही सांगितलंच नाही."

सरांनी भिंतीला पाठ टेकली. डोळे मिटले. आत अध्यक्ष कुणाला तरी मांडवाचा बांबू सरळ धरायला सांगत होते. सरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"पयला विचार आला, हा आपला माणूस आहे. बस. त्याच्यापुढं मी काही पाह्यलंच नाई." मग म्हणाले, "सिस्टरबाई, मले वास येत होता वो. दर रविवारी. तो सदा इलायची चावत राहे, अन् मी मनाले म्हणो, अध्यक्षाले इलायचीचा शौक आहे."

मग मात्र ते झपाट्याने आत गेले. मंडळातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. कुणीतरी कुरकुरलं, "आम्ही घरचेच आहोत डॉक्टर." सर म्हणाले, "म्हणूनच बाहेर जा." दार लावलं. स्टूल ओढून काकूंच्या समोर बसले.

"वहिनी, एक विचारतो. खरं सांगा. भाऊ दारू घेतात का?"

काकूंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "भाऊजी, हे तुमी विचारून राहिले? तुमी?"

"हो. मीच विचारून राहिलो."

"सारी दुनिया यांच्या पाया पडते जी."

"पडू द्या. मले फक्त एवढं सांगा. घेत असतील आन इथं आल्यापासून बंद झाली असन, तर हे जे होऊन राहिलं ते त्याच्यानं आहे. औषध आहे त्याच्यावर. पण माहीत नसन तर माणूस हातचा जाते."

काकू पलंगाकडे पाहत राहिल्या. नवऱ्याचं नाव त्यांच्या मुठीत होतं आणि त्याचा जीवही तिथेच. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मला त्यांचा हात धरावासा वाटत होता, पण मी जागची हलले नाही.

"रोज," त्या म्हणाल्या. "रोज घेतात. सकाळी हात कापतात म्हणून सकाळी बी घेतात." आणि मग एकदम सरांकडे वळून म्हणाल्या, "दर रविवारी तुमी येत होते. मी च्या आणून ठेवो अन् मनात म्हणो, डॉक्टर आहेत, आज विचारतीन. मी वाट पाहून राहिली होती भाऊजी."

सरांनी मान खाली घातली. पण क्षणभरच. लगेच उठून त्यांनी मला इंजेक्शनं सांगितली, थायमिन सुरू करायला सांगितलं, आणि खाली निरोप पाठवला की अँब्युलन्स परत करा. संध्याकाळपर्यंत सर त्या खोलीतून हलले नाहीत. अध्यक्षांचा हात धरून बसले होते, तो हात आधी जोरात कापत होता, मग थोडा, मग थांबला. दुसऱ्या दिवशी मुंग्या गेल्या. चौथ्या दिवशी अध्यक्षांनी मला ओळखलं आणि "रेल्वेवाल्याची पोरगी ना तू?" असं विचारलं. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन रडले.

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही सगळे सुखात असतो. पण शुद्धीवर आल्यावर अध्यक्षांना कळलं, की बायकोने सांगितलं आणि मित्राने विचारलं. जीव वाचला याचं त्यांना काही वाटलं नाही, विचारलं याचंच लागलं. घरी जायच्या दिवशी व्हीलचेअरवर बसल्या बसल्या सरांना म्हणाले, "घरच्या माणसासारखा ठेवला तुले मी. अन् तू मले डॉक्टरसारखं पाह्यलं."

"उशिरा पाह्यलं अध्यक्ष," सर म्हणाले. "चुकलं माझं."

अध्यक्षांनी तोंड फिरवलं. वॉर्डबॉयला म्हणाले, "चलो."

पुढच्या मंगळवारी वर्गाला नेहमीपेक्षा गर्दी. सर आता हा किस्सा सांगतील, नाव न घेता का होईना, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यांनी झाकण वाजवलं, सगळे डोळे मिटून बसले, आवाज विरला, तरी सर बोलेनात. रेसिडेंटने न राहवून विचारलं, "सर, एखादं उदाहरण?" सर म्हणाले, "पेशंटचं पेशंटपाशी," आणि त्या दिवशी त्यांनी हात कसे धुवावेत यावर बोलून वर्ग संपवला. मंडळात मात्र चर्चा पसरायची ती पसरलीच. काही जण म्हणाले सरांनी घर मोडलं. सरांनी कुणाला उत्तर दिलं नाही. गणपतीत त्यांना आरतीला बोलावणं आलं नाही, तेव्हा मात्र ते दिवसभर माझ्यावर उगाच ओरडत होते. मी ऐकून घेतलं.

त्याआधी, अध्यक्ष नुकतेच घरी गेले होते तेव्हा, त्यांच्या जखमेची पट्टी बदलायला मी काही आठवडे जायचे, काकूंनी सांगितलं म्हणून. एका रविवारी गेले तर वऱ्हांड्यात सर बसलेले. समोर चहाचा कप. आत टीव्ही मोठ्याने लावलेला. मी पट्टी करायला आतल्या खोलीत गेले तर अध्यक्ष पलंगावर जागेच होते, रिमोट हातात. मी म्हटलं, "सर बसले आहेत बाहेर." त्यांनी आवाज आणखी वाढवला. मी पट्टी बांधून निघाले तेव्हाही सर तिथेच होते. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. दवाखान्यात सरांना मी काही विचारलं नाही, पण मनातून मला त्यांची कीव यायला लागली होती. एवढा मोठा डॉक्टर, आणि मित्राने तोंड दाखवावं म्हणून दर आठवड्याला त्याच्या दारात जाऊन बसतो.

शेवटी एका सोमवारी मी म्हटलंच. राउंड संपला होता, सर हात धूत होते.

"सर, रागावू नका. ते काही बाहेर येत नाहीत. तुम्ही कशाला जाता?"

"कोण बाहेर येत नाई?"

"अध्यक्ष."

सरांनी नळ बंद केला. "त्याच्यासाठी कुठं जातो मी? त्याले यायचं असन तर येऊ दे. मी वहिनीले विचाराले जातो, कशा आहात म्हणून. इतकी वर्षं त्या घरचा चहा पेलो वो. एकदाही विचारलं नाई."

मी त्यांना टॉवेल दिला.

"मग? काय म्हणतात काकू?"

"दर खेपेले 'बरी आहो' म्हणत होत्या. मी चहा पिऊन उठून येत होतो." सरांनी एक एक बोट नीट पुसलं. "काल म्हणाल्या, 'बरी नाई जी.' मग काल बसलो."